बोन्चोसाठी डझनभर बिया

त्या गिऱ्हाइकापासून बियावाल्या यावोरला काय मिळणार, याचा हिशेब शेजारच्या गाडीवाल्या पेन्चोकाकांनी पहिल्याच दिवशी करून टाकला होता. मिळकत शून्य. उलट नुकसानच, कारण ती मोजून डझनभर सूर्यफुलाच्या बिया न्यायची आणि त्या ज्या कागदी पुडीत जायच्या, ती पुडी बियांपेक्षा महाग पडायची. शिवाय वेळ जायचा तो वेगळाच. मूठभर बिया ती पांढऱ्या रुमालावर पसरायची, पिशवीतून एक लांब, नाजूक चिमटा काढायची आणि एकेक बी उचलून, उजेडात धरून पसंत-नापसंत करायची. तोवर समुद्रबागेत फिरायला आलेली चार कुटुंबं कंटाळून शेजारच्या गाडीकडे वळायची. म्हणजे पेन्चोकाकांकडेच. त्यामुळे काकांची तक्रार अशी काही नव्हती. ते फक्त नोंद घेत होते.

सुरुवात एका भुरभुर पावसाने झाली. एप्रिलमधली दुपार, समुद्रावरून वारा. वार्ना शहराची निम्मी म्हातारी मंडळी बाकांवर, आणि एकाएकी सर आली. सगळे पांगले. एक मुलगी धावत येऊन यावोरच्या गाडीवरच्या छत्रीखाली उभी राहिली. ओल्या केसांची एक बट गालाला चिकटलेली. फुकट उभं राहणं बरं दिसत नाही, म्हणून असेल, तिने बियांकडे पाहिलं. मग जरा जास्तच निरखून पाहिलं.

"किती देऊ?" यावोरने विचारलं.

"बारा."

"बारा पुड्या?" त्याचा चेहरा उजळला.

"बारा बिया."

छत्रीवर पाऊस टपटपत राहिला. यावोरने तिच्याकडे पाहिलं, बियांकडे पाहिलं, परत तिच्याकडे पाहिलं.

"अहो बाई, चिमणीसुद्धा याहून जास्त नेते."

"चिमणी पैसे देते का?"

"नाही. पण निवडत तरी नाही."

ती हसली, आणि तेवढ्यात चिमटा बाहेर आला. "घरी कुणासाठी?" यावोरने सहज विचारल्यासारखं विचारलं. हे विचारण्यात सहज काहीच नव्हतं, हे तीन हातांवर उभ्या असलेल्या पेन्चोकाकांनाही कळलं.

"बोन्चोसाठी," ती म्हणाली, आणि पावसाने उसंत देताच निघून गेली.

मग ती दर आठवड्याला येऊ लागली. नाव बिल्याना, एवढं कळलं. बोन्चोला कधी खारवलेल्या लागतात, कधी बिनमिठाच्या, कधी सोललेल्या, हेही कळलं. एकदा तर म्हणाली, "या आठवड्यात भिजवलेल्या मिळतील? दोन दिवस भिजलेल्या?"

"भिजलेल्या बिया खातो तो?" यावोरचा आवाज चढला. "दात नाहीत का त्याला?"

"आहेत की. पण तोंड कायम उघडंच असतं त्याचं."

पेन्चोकाकांना रात्री झोप लागेना, इतकं हे प्रकरण त्यांना आवडलं होतं. "पोरा, डझनभर बियांत भागणारा पुरुष, तोही भिजवून, तोही तोंड उघडं टाकून... अशा माणसावर मात करता येत नसेल तर दुकान बंद कर आणि मठात जा."

यावोरने बिया भिजवल्या. त्या माणसाबद्दल मनात जे काही होतं ते सगळं त्या वाटीत ओतून भिजवल्या. पण पुडी देताना बोटं तिच्या बोटांना लागली आणि पुढचे सहा दिवस तो सातव्याची वाट पाहत बसला. काय करणार... आजोबांपासून चालत आलेली बियांची भाजणी, हातगाडीवरची लाल-पांढरी छत्री, आणि गिऱ्हाईक आलं की मान वर करायची सवय. आता मान सारखीच वर व्हायची.

जूनमध्ये त्याच्याच्याने राहवेना.

"बोन्चोला एकदा भेटायचंय मला."

"कशाला?"

"इतक्या बिया खाऊ घातल्या. तोंड तरी बघू."

बिल्यानाने रुमालाची घडी घातली, परत मोडली. "पाहिलंत तर मग मला बिया देणार नाही तुम्ही."

"का? इतका देखणा आहे?"

तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "रविवारी दुपारी या," ती म्हणाली. "मुलांच्या दवाखान्यात. तिसरा मजला. त्सोन्कामावशींना माझं नाव सांगा."

त्सोन्कामावशी म्हणजे मुलांच्या फुप्फुस विभागातल्या मुख्य परिचारिका. दारातच त्यांनी यावोरला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि बुटांवर चढवायला निळ्या पिशव्या दिल्या. "बियावाला तो तूच होय? बरा आहेस की. मला वाटलं होतं म्हातारा असशील."

आतून पोरांचा खिदळण्याचा आवाज येत होता. एका खोलीत दम्याची पाच-सहा मुलं खाटांवर बसून साबणाचे फुगे सोडत होती आणि पांढऱ्या कोटातली बिल्याना त्यांच्यामध्ये गुडघ्यांवर बसली होती. "हळू... घाई नाही. लांब, लांब सोड. फुगा फुटला तर तू जोरात फुंकलंस, कळलं का? आता पोटातून." एक मुलगी फुंकता फुंकता खोकली. बिल्यानाने स्टेथोस्कोपचं टोक आधी तळहातात धरून ऊबदार केलं, मग पोरीच्या पाठीला लावलं आणि डोळे मिटून ऐकत राहिली. इतकं लक्ष देऊन की यावोरने दाराशी आपलाही श्वास रोखला.

डॉक्टरीण होती. आणि तिने एवढे दिवस पत्ता लागू दिला नव्हता.

"पुरती झाले नाहीये अजून," त्याला बाजूच्या खोलीत नेताना ती म्हणाली. "मुलांची डॉक्टर झालेय. फुप्फुसांची व्हायला अजून परीक्षा आहे... आणि हा बोन्चो."

टेबलावर रबराचं एक मुंडकं होतं. लहान मुलाचं. तोंड उघडं, खाली पारदर्शक नळी, आणि ती पुढे दोन फाटे फुटून गेलेली. दोन महिने ज्याचा त्याने मनापासून तिरस्कार केला, त्या माणसाला धड नव्हतं.

यावोर हसला. खूप हसला, खुर्चीत बसून हसला. सुटका झालेला माणूस हसतो तसा.

"झालं हसून?" बिल्यानाने भिजलेली एक बी नळीत टाकली. ती उजव्या फाट्यात जाऊन बसली. "उजवीकडची नळी सरळ उतरते, म्हणून बहुतेक वेळा तिथेच जाते. मग त्या बाजूचा आवाज हलका होतो. आई सांगते, बाळाला खोकला झालाय. दोन-तीन दिवसांनी बी फुगते, मऊ पडते, आणि मग काढायला गेलं की भुगा होतो." तिने दुर्बीण आत सरकवली आणि त्याला डोळा लावायला सांगितलं. "जोरात धरलं तर फुटते. हलकं धरलं तर सुटते. आणि वर आणताना स्वरतंतूंपाशी सुटली तर दोन्ही फुप्फुसांची वाट बंद."

"मग धरायची कशी?"

तिने त्याच्या हातात चिमटा दिला, बोटांवर आपली बोटं ठेवली. "अशी," ती पुटपुटली. "एवढीच."

त्याने अगदी एवढीच धरली. पहिल्यांदा बी निसटली, दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा दोघांनी मिळून ती बाहेर आणली, आणि नंतरही हात तिथेच राहिले... जरा वेळ.

मग त्याची नजर भिंतीवर गेली.

काचेच्या चौकटीत मुलांच्या छातीतून काढलेल्या वस्तू ओळीने चिकटवलेल्या होत्या. एक बटण. कानातलं. पेनाचं टोपण. अर्धा शेंगदाणा. आणि बाकी सगळ्या ओळी, वरपासून खालपर्यंत, सूर्यफुलाच्या बिया. काही सोललेल्या, बाकीच्या लांबट, काळ्या, कडेला पांढरी रेघ असलेल्या.

"माझ्या आहेत यात?" त्याने विचारलं.

"कुणाच्या ते लिहिलेलं नसतं."

"पण कसं? पोरं स्वतः घेतात?"

"मोठी पोरं घेतात. लहानांना आज्या देतात." बिल्याना खिडकीकडे बघत बोलली. "तुमच्याच समोरच्या बाकावर बसतात. दाताने बी फोडतात, आतला गर काढतात आणि नातवाच्या तोंडात घालतात. जीव असतो म्हणूनच ना. नातू खूश होतो, हसतो. आणि हसताना आधी श्वास आत ओढावा लागतो..." ती थांबली. "म्हणून सांगितलं नाही मी. तुमच्या मालातून माझं शिक्षण चाललंय, हे कसं सांगायचं?"

तो उठला. दारात निळ्या पिशव्या काढल्या आणि निघून गेला. त्सोन्कामावशींनी बिल्यानाकडे बघून सुस्कारा सोडला. "गेला हो तुझा बियावाला."

पण तो गेला नव्हता. तो फक्त विचार करायला गेला होता, आणि त्याला विचार करायला वेळ लागायचा.

पुढच्या शनिवारी समुद्रबागेत पहिला वाद झाला. समोर एक आजी, हाताशी दोन वर्षांची नात.

"एक मोठी पुडी दे रे."

"आजी, नात किती वर्षांची?"

"तुला काय करायचंय? लग्न लावायचंय?"

"तिला भरवणार नसाल तर देतो."

"माझ्या आईने मला अशाच भरवल्या! मी मेले का?"

"नाही ना. चांगल्या ठणठणीत आहात, आवाजावरून कळतंय. हे घ्या, हिला हे द्या." त्याने गाडीखालून साबणाच्या पाण्याची लहानशी बाटली आणि वाकवलेली तार काढली. "बी श्वासाबरोबर आत जाते. फुगा श्वासाबरोबर बाहेर येतो."

आजी तणतणत पेन्चोकाकांकडे गेली. काकांनी पुडी बांधता बांधता यावोरला डोळा मारला. त्या महिन्यात काकांची चंगळ झाली आणि यावोरची गाडी निम्मी रिकामी पडली. लोक हसले. "वय विचारून बिया देणारा" असं नावच पडलं. मात्र एक गोष्ट काकांच्या ध्यानात यायला उशीर लागला. फुगे बघून पोरं रडून गोंधळ घालत आज्यांना यावोरकडे ओढू लागली. मग आज्या तिथेच थांबू लागल्या, स्वतःपुरत्या बिया घेऊन, कारण नातवंडं तिथून हलायलाच तयार नसत. शरद ऋतू येईपर्यंत काकांनीही साबण विरघळवला. त्यांच्यामागून सगळी रांग आली. संध्याकाळी वारा जमिनीवरून समुद्राकडे फिरला की बागेत फुगेच फुगे उडायचे, आणि खाली बाकांवर म्हाताऱ्या एकट्या-एकट्या बिया फोडत बसायच्या.

बिल्याना आता बिया न्यायलाही यायची आणि नुसतीच बसायलाही. 'तुम्ही' कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही. एकदा भाजणीच्या धुराने यावोर खोकत होता, तेव्हा तिने स्टेथोस्कोप काढला.

"मी काय लहान मूल आहे?"

"वागण्यावरून आहेस. श्वास घे. सोड." तिचे केस त्याच्या हनुवटीला लागत होते. डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. "दोन्ही बाजूंना सारखी हवा जाते."

"आणि मधे? मधे काही ऐकू येतंय?"

तिने स्टेथोस्कोप गळ्यात अडकवला. कान लाल झाले होते. "मधलं माझ्या विषयात येत नाही."

तो नोव्हेंबर असाच गेला. हवाहवासा, आणि काहीही न बोलता.

मग धुकं आलं. समुद्र दिसेनासा झाला, बंदरातला भोंगा दिवसभर घुमत राहिला. अशा एका दुपारी ती आली आणि गाडीपाशी न थांबता बाकावर जाऊन बसली. यावोर जवळ बसला तेव्हा त्याला दिसलं की तिचे डोळे सुजलेत.

"कुणी पेशंट...?"

"नाही. कुणीच नाही. तेच तर." ती हसायला गेली आणि जमलं नाही. "परीक्षेला बसायचं तर ठरलेल्या संख्येइतक्या बिया मी स्वतःच्या हाताने काढलेल्या असाव्या लागतात. आमच्या मोठ्या डॉक्टर, हाजीएवाबाई, शेजारी उभ्या, हात माझा. मला चार कमी पडतात. आणि सप्टेंबरपासून एकही आलेली नाही."

यावोरला उमगायला एक क्षण लागला. मग उमगलं.

"माझ्यामुळे?"

"तुझ्यामुळे. त्या फुग्यांमुळे. हाजीएवाबाई म्हणतात, तीस वर्षांत असं झालं नाही." तिने हातमोजे काढले, परत घातले. "आज सकाळी तातडीचा फोन वाजला. मी जिन्यावरून धावत गेले. तर साधा घसा सुजलेला होता. आणि यावोर, मला वाईट वाटलं. कुणा पोराच्या छातीत बी अडकली नाही म्हणून मला वाईट वाटलं." आवाज फुटला. "ही कसली डॉक्टर?"

भोंगा वाजला, थांबला. यावोर गडबडला की नेहमी वेडंवाकडं बोलायचा.

"एक महिना... मी कुणालाच वय विचारत नाही. तू एक शब्द बोल."

तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेपुढे तो लहान झाला.

"चेष्टा केली," तो घाईने म्हणाला.

"माहितीये. म्हणूनच मला जायला हवं. आणखी थोडे दिवस इथे राहिले तर मी तो शब्द मनातल्या मनात बोलेन." तिने खोल श्वास घेतला. "इस्तंबूलला मुलांचं मोठं इस्पितळ आहे. तिथे अशी पोरं दिवसाआड येतात. हाजीएवाबाई बोलल्या तिकडे. नववर्षानंतर जायचं, उन्हाळ्यापर्यंत."

"आणि उन्हाळ्यानंतर?"

ती उत्तर देणार होती. ओठ हललेही. पण म्हणाली एवढंच, "हाजीएवाबाईंचा हात आता थरथरतो. कुणी सांगत नाही, पण थरथरतो."

जानेवारीत बस निघाली. स्टँडवर बर्फाची भुरभुर होती. यावोरने तिला खाऊ म्हणून घरची बानित्सा, चिजाची पापुद्र्यांची पोळी, बांधून दिली. सांगायचं होतं ते सोबत बांधता आलं नाही. ती पायरीवर चढली, परत उतरली, त्याच्या कोटाच्या वरच्या बटणाला हात लावला. "हे शिवून घे, लोंबतंय," म्हणाली, आणि गेली.

ते बटण त्याने शिवलं नाही.

फोन यायचे. इस्तंबूलमध्ये बियांचा सुकाळ होता. भोपळ्याच्या, कलिंगडाच्या, सूर्यफुलाच्या, शिवाय भाजलेले हरभरे. तिच्या चार बिया पहिल्या तीन आठवड्यांतच निघाल्या. "आज एक वर्षाचं पिल्लू होतं," ती सांगायची, "बी पार मऊ झालेली. मी तुझा हात आठवला."

"माझा? मी तर दोनदा पाडली."

"तेच आठवलं. तसं करायचं नाही म्हणून."

तो हसायचा. मग फोनवर नुसता श्वास ऐकू यायचा, तिचा त्याला आणि त्याचा तिला. ते ऐकता ऐकता तो स्वतःशी ठरवायचा की आता बोलायचं. तेवढ्यात तिला कुणी तरी हाक मारायचं.

फेब्रुवारीच्या अखेरीस ती जरा घुटमळत म्हणाली, "इथल्या मोठ्या बाई म्हणतात, हात चांगला आहे, दोन वर्षं राहा. इथे सगळं शिकायला मिळेल..."

समुद्रबागेत तेव्हा ओले बाक, एकटे बगळे, आणि कुणीच गिऱ्हाईक नव्हतं.

"राहा की," यावोर म्हणाला. "अशी संधी कुणी सोडतं का?"

"सोडू नये ना?"

"छे."

"बरं," ती म्हणाली. फार हळू.

त्याने फोन ठेवला आणि त्या दिवशीची अख्खी भाजणी करपवली. पेन्चोकाका वासाने धावत आले. कढईत डोकावले, मग त्याच्या तोंडाकडे बघितलं.

"तिला राहा म्हणालास?"

"तिच्या भल्याचं होतं."

"आणि तुझ्या?"

यावोर कढई घासत बसला.

एक मार्चला आमच्याकडे एकमेकांच्या मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधतात. पहिला करकोचा दिसेपर्यंत तो हातात ठेवायचा, मग सोडून फुललेल्या झाडाला लावायचा. यावोरने आपला दोरा बस-ड्रायव्हरच्या हाती पाठवला होता, आणि तोच ड्रायव्हर तिचा घेऊन परतला. त्याबरोबर चिठ्ठी नव्हती, काही नव्हतं. यावोरने दाताने गाठ मारली.

आणि मग, करकोच्यांचे दिवस आले तसा, तो टोपी नाकापर्यंत ओढून फिरू लागला.

"हे काय सोंग?" पेन्चोकाकांनी विचारलं.

"ऊन लागतं."

"ढग आलेत, गाढवा."

तीन दिवसांनी काकांच्या ध्यानात आलं. दक्षिणेकडून थव्यामागून थवे येत होते. वार्नावरून त्यांची वाटच आहे. अख्खी बाग माना वर करून बोटं दाखवत होती, पोरं फुगे सोडून ओरडत होती, आणि एकटा यावोर जमिनीकडे बघत पुड्या वळत होता. दिसला करकोचा की सोडावा लागणार दोरा. आणि तिने बांधायला पाठवलेली ती एकच गोष्ट त्याच्याजवळ होती.

"अरे, मागून दोनशे गेले! आवाज तरी ऐक!"

"मी काही ऐकलं नाही."

"एप्रिलभर असाच चालणार?"

"आज रस्त्यावर खड्डे फार आहेत, काका. खालीच बघायला हवं."

काकांनी सगळ्या रांगेशी पैज लावली की हा आठवडा टिकणार नाही. तो आठवडा टिकला, पुढचाही टिकला. झाडं फुलली, झडली. मान आखडली. घराजवळच्या दिव्याच्या खांबावर करकोच्यांनी घरटं बांधलं, तर यावोर लांबच्या गल्लीने जाऊ लागला. दोरा मळून लाल कुठला आणि पांढरा कुठला, ते कळेनासं झालं. गिऱ्हाइकांना त्याचा चेहरा म्हणजे टोपी आणि हनुवटी एवढाच माहीत झाला.

मेच्या मध्याला, अकेशियाच्या फुलांचे पांढरे घोस बागेभर लटकत होते आणि त्यांचा वास भाजणीच्या वासात मिसळत होता, तेव्हा त्याच्या टोपीखालच्या जगात दोन बूट येऊन उभे राहिले. प्रवासाची धूळ बसलेले.

"किती देऊ?" त्याने सवयीने विचारलं.

"बारा."

हातातली पुडी सुटली. पण त्याने मान वर केली नाही. धीरच होईना.

"यावोर, वर बघ."

"नको. त्या खांबावर बसलेत."

"कोण?"

"ते... लांब पायांचे."

मग तिला कळलं, आणि ती हसली आणि हसता हसता रडली. तिने दोन्ही हातांनी त्याची टोपी वर केली, अगदी एवढीच. समोर तीच होती, मागचं आकाश झाकून.

"तुझा सुटला?" त्याने तिच्या रिकाम्या मनगटाकडे पाहिलं.

"मार्चमध्येच. दवाखान्याच्या गच्चीवरून हजारोंनी गेले, माझा काय इलाज? सोडला. पण तिथल्या झाडाला नाही लावला." तिने खिशातून दोरा काढला. "म्हटलं, हे सगळे चाललेत कुठे? माझ्याच गावावरून. आणि मी इथे काय करतेय?"

"दोन वर्षं... मोठ्या बाई..."

"त्यांनीच पाठवलं. एकदा विचारलं, तुमच्या शहरात या केसेस इतक्या कमी कशा झाल्या? मी सांगितलं, आमच्याकडे एक माणूस आहे, वय विचारून बिया देतो. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, मग पोरी, तू इथे काय करतेस?" ती जरा थांबली. "आणि वर्षातून एकच बी आली तरी ती काढणारा हात इथे हवा. हाजीएवाबाईंचा आता नाही राहिला. पुढच्या महिन्यात परीक्षा आहे... आणि तू 'राहा' म्हणालास ते माझ्या मुळीच कामाचं नव्हतं."

"मी त्या दिवशी पूर्ण भाजणी जाळली."

"मला पेन्चोकाकांनी फोन केला होता."

यावोरने शेजारच्या गाडीकडे पाहिलं. काका अतिशय मन लावून एक रिकामी पुडी दुमडत होते.

बिल्यानाने पिशवीतून स्टेथोस्कोप काढला, टोक तळहातात ऊबदार केलं. त्याच्या कोटाचं वरचं बटण अजून लोंबतच होतं. डावीकडे ऐकलं, उजवीकडे ऐकलं. आणि मग मधे टेकवला. तिथेच ठेवला.

"मधलं तुझ्या विषयात येत नाही ना?" यावोरने विचारलं.

"आता येतं," ती म्हणाली. "श्वास रोखू नकोस, वेड्या. सोड... लांब सोड."

त्याने सोडला. सोडता सोडता, जानेवारीपासून घशात अडकलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं. ते काय होतं ते पेन्चोकाकांनी ऐकलं, पण काका म्हणतात, ते सांगण्यासारखं नाही, ऐकण्यासारखंच होतं. दोन्ही दोरे अकेशियाच्या खालच्या फांदीला बांधले गेले. मग यावोरने कित्येक आठवड्यांनी पहिल्यांदा आकाशाकडे पाहिलं आणि मानेतून कट्कन आवाज आला.

पेन्चोकाकांनी त्या संध्याकाळी गाडी झाकता झाकता सगळ्याची बेरीज केली. यावोरचा निम्मा धंदा गेला तो काही पूर्ण परत आला नाही, आणि मान आखडली ती वेगळीच. बिल्यानाची मोठ्या इस्पितळातली जागा गेली. स्वतः काका पैजेपायी सगळ्या रांगेला जेवण घालून बसले. म्हणजे भरलं सगळ्यांनीच, ज्याच्या त्याच्या खिशातून, आणि कुणी कुरकुरलं नाही.

दवाखान्यातल्या काचेच्या चौकटीतली शेवटची ओळ तेवढी अर्धीच राहिली. इतकी वर्षं ज्यांच्या छातीतून वसुली होत होती, ती पोरं त्या वेळी बाकांमधून धावत होती, गाल फुगवून फुंकत होती, आणि या खेपेला त्यांच्या नावावर एक दमडीही निघाली नाही.